नादारीवाले काका

"अब्रू घरी ठिवून या. हितं खरं लागतं."

समोर बसलेल्या माणसाला हे सांगताना काका पेनाला टोपण घालायचे. काढायचे नाहीत, घालायचे. तू खरं बोलायला लागेपर्यंत हे पेन उघडणार नाही, असा त्याचा अर्थ. मग हातावर हात ठेवून, मान जराशी तिरकी करून ते समोरच्या लिंबाकडे बघत बसायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माणूस आधी घसा खाकरायचा, मग टोपी काढायचा, मग बायकोकडे बघायचा आणि मग कुठं एकदाचं म्हणायचा, "टीव्ही हाय तसा. पर लागत न्हाई."

"आत्ता कसं!" म्हणत काका टोपण काढायचे.

साताऱ्याच्या कोर्टाच्या आवारात अर्ज लिहून देणारे पाचसहा जण बसतात. तुमचं कधी काम पडलं असेल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला दगड. काका त्यांतले सगळ्यांत जुने. बाकीच्यांनी लॅपटॉप आणले, प्रिंटर आणले, एकानं तर छत्रीला छोटा पंखा लावला. काका हातानं लिहायचे. अक्षर असं, की पत्रिका छापायला द्यावी.

त्यांचं नाव कोर्टात फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे म्हणायचे 'नादारीवाले काका'. शाळेत गरिबाच्या पोराची फी माफ व्हायची तिला आपल्याकडे नादारी म्हणत, आठवतं का? कोर्टातही तो शब्द टिकून आहे. दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी भरावी लागते. ज्याच्याकडे ती नाही त्यानं अर्ज करायचा, की माझ्याकडे खरंच काही नाही, फी न घेता माझं ऐका. सोबत आपल्या मालकीच्या एकूण एक वस्तूंची यादी जोडायची. मग तलाठ्याचा अहवाल येणार, समोरचा वकील हरकत घेणार, आणि भर कोर्टात उभं राहून तुम्ही आपलं दारिद्र्य सिद्ध करायचं.

"गरीब आसनं सोपं हाय, बाई," काका मला म्हणायचे. "शाबीत करनं अवघड."

बाई म्हणजे मी. मी वकील. माहेर सांगली, सासर सातारा. सरकारकडून ज्यांना मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी नेमलेल्यांच्या यादीत माझं नाव आहे, त्यामुळे काकांची गिऱ्हाइकं आणि माझे अशील बहुतेक एकच. कापडदुकानातून एका दिवसात काढलेला सेल्समन, मालकानं गाडीची किल्ली काढून घेतलेला ड्रायव्हर, खासगी शिकवणीत राबलेला मास्तर, बंगल्यावरची स्वयंपाकीण. नोकरी गेली म्हणून थकलेल्या पैशासाठी दिवाणीत भांडायला आलेली माणसं. माझी फी सरकार देणार, पण कोर्ट फीसाठी काकांचा अर्ज हवाच. आणि नादारीच्या अर्जाचे काका एक पैसा घ्यायचे नाहीत.

मी एकदा विचारलं, "निदान कागदाचे तरी घ्या!"

"मी फी घेतली आन त्येनं दिली, तर तो नादार कसला?" काका म्हणाले. "आपनच आपला अर्ज खोटा पाडायचा व्हय?"

खरेदीखतं, भाडेकरार यांच्यावर ते पोट भरत. नादारीचा अर्ज म्हणजे त्यांच्या लेखी देवाचं काम होतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर मला ते इतके आवडलेही नसते.

त्यांची खरी करामत होती ती यादी. बाकीचे अर्ज लिहिणारे विचारून यादी करत. काका घरी जात. एसटीनं जात, वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून जात, कधी शेवटचे दोन कोस चालत जात. उंबऱ्याच्या बाहेर बसायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. घरच्यांनी एकेक वस्तू दाखवायची आणि काकांनी लिहायची. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न, "चालती का?"

सुरुवातीला मी त्यांच्यावर जाम चिडायचे. तारीख जवळ आलेली, आणि हे पाटणच्या वरच्या अंगाला कुठं तरी खाटा मोजत बसलेले. एकदा मी तोंडावर म्हणाले, "काका, दोन ओळींत उरकणाऱ्या कामाला तुम्ही दोन दिवस घालवता."

काका शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी दाव्यात लिवता ती त्येची तक्रार. मी लिवतो ते त्येचं घर."

घरी का जायचे, ते मला मलकापूरच्या ड्रायव्हरच्या वेळी कळलं. कोर्टाचा माणूस घर बघायला येणार, असं ऐकल्यावर त्या पठ्ठ्यानं काय करावं? आपण गरीब दिसू नये म्हणून शेजाऱ्याचा फ्रिज आणून सोप्यात उभा केला! गरिबीचा अर्ज करायचा, आणि त्याच दिवशी घरात फ्रिज मांडायचा. आपल्याकडची माणसं ही अशी. उपाशी राहतील, पण पाहुण्यासमोर पाट-रांगोळी हवी.

काकांनी विचारलं, "ह्ये चालतं का?"

"नवा हाय," ड्रायव्हर म्हणाला.

तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "आवं, माझं विरजन आत ऱ्हायलंय, तेवढं घिऊन जाते."

काका मला हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "शेजार लय चांगला हाय त्येचा. पर त्येची किंमत लावता ईना, म्हून यादीत घातला न्हाई."

त्यांच्या याद्या मी पुढं पुढं अर्ज बाजूला ठेवून आधी वाचायला लागले. एका वॉचमनची यादी मला अजून तोंडपाठ आहे. लोखंडी खाट एक, एक पाय विटेवर. स्टीलचा डबा दोन, एकाला झाकण नाही. टीव्ही एक, बंद. मोबाईल एक, मुलीच्या शाळेसाठी. आणि शेवटी: युनिफॉर्म एक, धुतलेला, इस्त्री केलेला, वापरात नाही.

त्या वेळचे जज्जसाहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी ती यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा शेवटची ओळ वाचली. समोरच्या वकिलाला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचं आहे?" ते गृहस्थ कुणाला सोडणारे नव्हते, पण त्यांनी 'नाही' म्हणून मान हलवली. फी माफ झाली. मी बाहेर येऊन काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मी काय केलं? त्येनंच केली हुती इस्त्री."

आता शालनचं सांगते. त्या प्रकरणापर्यंत मी काकांना भला माणूस समजत होते. भली माणसं जगात बरीच असतात.

शालन ही शिराळ्याच्या बाजूची, म्हणजे काकांच्याच तालुक्यातली. नवरा लवकर गेला. एका पोरीला घेऊन साताऱ्यात आली आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करायला लागली. आजींची मुलं परगावी. अंघोळ, औषध, स्वयंपाक, रात्रीचं उठणं-बसणं, अकरा वर्षं. आजींनी पगार ठरवला, थोडा हातात दिला आणि म्हणाल्या, "बाकीचा माझ्याकडं राहू दे. पोरीच्या लग्नाला एकदम देईन." आजी खोट्या नव्हत्या, पण आजी एका सकाळी गेल्या. तेराव्याला मुलांनी शालनची पिशवी दाराबाहेर ठेवली. वर विचारलं, "आईच्या पाटल्या कुठायत?"

पाटल्या महिन्याभरानं बँकेच्या लॉकरमध्ये सापडल्या. पण 'चुकलं' म्हणायला कुणी आलं नाही. तिनं नोटीस पाठवली, तर उत्तर आलं, की ही बाई नोकर नव्हतीच, आईनं दयेपोटी ठेवून घेतली होती.

घरकाम करणारीला लेबर कोर्टात सहसा थारा मिळत नाही, म्हणून तिचा दावा दिवाणी. दिवाणी म्हणजे कोर्ट फी. आणि ती फी शालन जन्मात भरू शकली नसती. नादारी मिळाली तर दावा उभा राहणार, नाही तर तिथंच संपणार, इतकं सरळ होतं ते.

"मला पैसं बी पायजेत," शालन मला म्हणाली. "पर त्याच्या आधी एकदा जज्जासमोर म्हनायचंय, की मी हुते त्या घरात. अकरा वर्सं. दया न्हवती ती, काम हुतं."

काका तिच्या खोलीवर गेले आणि यादी करून आणली. सव्वाचार ओळी. इतकी छोटी यादी मी पाहिली नव्हती. मी निर्धास्त होते.

तारखेला समोरचे वकील उठले आणि त्यांनी एक कागद साहेबांसमोर ठेवला. सातबारा. आता तो मोबाईलवर कुणालाही मिळतो. शिराळा तालुक्यातलं बागायत रान. वारस म्हणून तीन नावं. दोन भाऊ आणि तिसरं शालनचं.

"अर्जदार बागायतदार आहेत, साहेब," ते म्हणाले. "आणि शपथेवर दिलेल्या यादीत हे लपवलंय. असा अर्ज फेटाळण्यात यावा."

साहेबांनी शालनला विचारलं, "ही जमीन तुमची आहे?"

शालननं त्या कागदाकडे असं पाहिलं, जसं दुसऱ्याच कुणाचं पत्र तिच्या हातात पडावं. म्हणाली, "ते भावांचं रान हाय, साहेब. म्हायेरचं माझं कसं आसंल?"

"तुमचं नाव आहे यावर."

"बा मेल्यावर तलाठ्यानं लिवलं आसंल. मी त्यातली भाजीची पेंडी बी कवा मागितली न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. साहेबांचा आवाज चढला. यादी खोटी आहे, हे काय चाललंय, वकीलबाई, तुम्ही वाचली नव्हती का? मी यादीचं पान उलटसुलट करून पाहायला लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"साहेब, चूक माझी हाय."

काका उभे होते. पट्टेवाला त्यांना खाली बसवायला धावला, साहेबांनी हातानं थांबवलं. "तुम्हीच यादी लिहिली? इतकी वर्षं लिहिताय. जमिनीचं विचारलं नाहीत?"

"न्हाई इचारलं."

"का नाही?"

काका अगदी सावकाश म्हणाले, "बाप्याला मी इचारतो, रान किती. बाईमानसाला इचारतो, भांडी किती. आजपातूर एका बी बाईला मी रानाचं इचारलं न्हाई, साहेब. माझ्या डोक्यातच कवा आलं न्हाई."

माझ्या डोळ्यांसमोरून त्या सगळ्या याद्या सर्रकन गेल्या. बायकांच्या याद्यांत हंडे, कळश्या, खाटा. रान एकीतही नव्हतं. आणि मी त्या सगळ्या वाचल्या होत्या, वाहवा करत वाचल्या होत्या. मलाही कधी खटकलं नव्हतं.

साहेबांनी पंधरा दिवस दिले. चूक कशी झाली ते प्रतिज्ञापत्रावर सांगा, आणि या जमिनीपासून अर्जदाराला काय मिळतं ते शाबीत करा. नाही तर अर्ज नामंजूर.

दोनच दिवसांत शालनचे दोन्ही भाऊ साताऱ्याला, काकांच्या टेबलापाशी हजर. भली माणसं. तिला साडी आणलेली, पोरीसाठी खाऊ आणलेला आणि सोबत एक तयार कागद. हक्कसोडपत्र.

"हितं सही कर, आक्का," थोरला म्हणाला. "मंजी तुज्या नावावर कायच ऱ्हात न्हाई. मग तू नादार. हाय का न्हाई, वकीलबाई?"

शालननं लगेच पेन मागितलं. आता मी एक कबुली देते. मी तिला थांबवलं नाही. उलट मला हायसं वाटलं, सुटला बाई प्रश्न. कारण तसलीच सही मी स्वतः केली आहे. सांगलीला, माझ्या भावासाठी. कायद्याची पदवी घेतल्यानंतर! आईनं डोळ्यांत पाणी आणलं, वहिनीनं पुरणपोळी केली, आणि मी सही ठोकून जेवायला बसले. मग मी शालनला काय सांगणार, कपाळ?

काकांनी टेबलावरून हात लांबवला आणि तो कागद उचलून घडी घातला.

"ह्ये चालायचं न्हाई," ते म्हणाले. "अर्जापायी आत्ता रान सोडलं, तर समोरचा म्हनंल, मुद्दाम सोडलं. अर्ज जाईल ते जाईल, रान बी जाईल." माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय नव्हं, बाई?" व्हयच होतं. कायदा मी शिकलेले, आणि आठवला त्यांना.

"आन चाललं आसतं तरी मी लिवलं नसतं," काका पुढं म्हणाले. "फी माफ व्हावी म्हून बापाची लेक हाय हे सोडून द्यायचं?"

शालन रडायला लागली. "काका, सही न्हाई केली, तर म्हायेर तुटंल वो माझं."

भाऊ खाऊची पिशवी सारखी करत राहिले. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. काका त्यांना एकदम म्हणाले, "माज्या दोन बहिनी हायत. दोघींच्या सह्या मी घेतल्यात. कागद मीच लिवला हुता. लय चांगल्या अक्षरात."

एवढं बोलून ते उठले आणि गेले. टेबलावर दगड तसाच, कागद तसेच.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. श्रावण सुरू झालेला, तारीख डोक्यावर आलेली, प्रतिज्ञापत्र त्यांचंच हवं आणि त्यांचा फोन बंद. मी मनातल्या मनात त्यांना किती नावं ठेवली, ते इथं लिहिण्यासारखं नाही. चूक कबूल करायची मोठ्या तोंडानं आणि निस्तरायची वेळ आली, की पळ काढायचा! शालन रोज कोर्टात येऊन लिंबाखाली बसायची. म्हणायची, "येतील ते." मला तिचाही राग यायचा.

तारखेच्या आदल्या दिवशी काका हजर. दाढी वाढलेली, धोतराला चिखल.

"कुठं होतात?" मी जवळजवळ ओरडले.

"गावाकडं. जरा काम हुतं," म्हणाले, आणि कागद ओढून प्रतिज्ञापत्र लिहायला बसले. एका पानात संपवलं. प्रश्न न विचारणं ही माझी चूक, अर्जदाराने काही लपवलेलं नाही, होईल ती शिक्षा मला मान्य. खाली सही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात शालनचा थोरला भाऊ उभा दिसला. इस्त्रीचे कपडे, हातात टोपी. हा आता काय सांगणार?

"साक्ष द्यायला आलोय," तो म्हणाला, आणि मग त्यानंच मला सगळं सांगितलं.

नागपंचमीला काकांच्या बहिणी दर वर्षीप्रमाणे माहेरी आल्या होत्या. दोघी सत्तरीच्या पुढच्या. आदल्या दिवशी भावाचा उपास धरतात ना बायका, तो धरलेला. त्याच दिवशी काका दोघींना जीपमध्ये घालून शिराळ्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेले. त्या घाबरल्या, म्हातारा पुन्हा कसली सही घेतोय! सही काकांनी केली. दोन एकर रान होतं एकूण. तिघांत सारखं वाटून दोघींच्या नावे बक्षीसपत्र केलं. काकांच्या मुलाला त्यांनी आधीच सांगितलं होतं. तो चार दिवस बापाशी बोलला नाही.

"मग आमच्या दारात आले," थोरला म्हणाला. "पानी बी घेतलं न्हाई. म्हनले, तुमच्या बहिनीला रान द्या, आसं सांगायला मी आलो न्हाई. त्यो तुमचा इचार. फकस्त कोर्टात यिऊन खरं काय ते सांगा." त्यानं टोपी हातातल्या हातात फिरवली. "सव्वा एकराच्या वर रान दिऊन आलेला मानूस दारात हुबा, बाई. त्येच्याफुडं खोटं कसं बोलायचं?"

काका व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला अर्जावर अंगठा कुठं करायचा ते दाखवत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. रोज बघत होते त्यांच्याकडे, पण त्या दिवशी मला जवळ जायला भीती वाटली. खरंच सांगते, मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरताना वाटते तशी.

पुकारा झाला. थोरला पिंजऱ्यात उभा राहिला. समोरच्या वकिलांनी त्याला घेरायचं ठरवलेलं दिसत होतं.

"जमिनीत तुमच्या बहिणीचा हिस्सा आहे, हे खरं आहे?"

"व्हय. तिचा हाय."

"म्हणजे त्या जमीनदार आहेत!"

"रान तिचं हाय. खातो आमी," थोरला म्हणाला. "बा गेल्यापास्नं तिला त्यातला एक दाना बी दिल्याला न्हाई."

वकील गडबडले. "का दिला नाही?"

"तिनं मागितला न्हाई. आन आमी आपनहून दिला न्हाई. दोन्ही बी खरं हाय."

त्या माणसानं शपथेवर, लिहून घेतलं जात असताना, स्वतःच्या तोंडानं बहिणीचा हक्क मान्य केला होता. आता पुढं कधी त्याला तो नाकारता येणार नव्हता. हे त्याला कळत होतं का? मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुरतं कळत होतं. शालन तोंडात पदर धरून उभी होती. मागच्या बाकावर काका मान खाली घालून बसले होते.

साहेबांनी तिथंच सांगितलं, की अर्जदाराच्या हातात या जमिनीचं काही नाही, लपवण्याचा हेतू दिसत नाही, अर्ज मंजूर. फी माफ.

शालनला ते इंग्रजी-मराठी काही उमगलं नाही. तिनं माझी बाही ओढली. "काय म्हनले?"

"फी माफ झाली. दावा चालणार तुझा."

"मंजी आता माझं ऐकत्याल?"

"ऐकतील."

तिनं आधी भावाकडे पाहिलं आणि मग ती काकांच्या पाया पडायला वाकली, तर काका दोन पावलं मागं सरले. "माज्या न्हाई," म्हणाले. "मी तुज्या बाबतीत चूक केलीया."

पुढं तिचं ऐकलं गेलं. पिंजऱ्यात उभं राहून तिनं अकरा वर्षं सांगितली, दिवसाची, रात्रीची, आजींच्या औषधांच्या वेळांसकट. निकाल तिच्या बाजूनं लागला. ती नोकर होती, असं निकालपत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. ते पान तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

आणि काका? काकांनी त्या दिवसापासून धसकाच घेतला. कुठलीही बाई समोर बसली, की पहिला प्रश्न, "म्हायेरचं रान किती? सातबाऱ्यावर नाव हाय का?" कुणी लाजायची, कुणी हसायची. एकीचा भाऊ भांडायला आला, आमच्या घरात काडी टाकतो म्हाताऱ्या! काकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "गड्या, मी काडी न्हाई टाकली. मी फकस्त इचारलं."

एकदा काम नव्हतं, दुपारची वेळ होती. काकांनी मला विचारलं, "तुमचं काय, बाई? सांगलीला?"

मी तारखांचं काहीतरी बोलायला लागले. काकांनी पेनाला टोपण घातलं आणि लिंबाकडे बघत बसले. मी उठून निघून आले. ते पुन्हा कधी विचारणार नव्हते, मला माहीत होतं. त्याचाच त्रास जास्त होतो.

गेल्या थंडीत काका गेले. गावी गेले होते, तिथंच. फोन आला, तेव्हा मी कोर्टात होते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, मी कऱ्हाडवरून शिराळ्याची एसटी धरली. शालन तिच्या थोरल्या भावाबरोबर आधीच येऊन थांबलेली. आमच्याकडे आता रक्षा नदीत सोडत नाहीत, आपापल्या रानात मिसळतात. मुलानं रक्षेचं गाडगं उचललं आणि सगळे शेताकडे निघालो. बांधावर पोचल्यावर मुलगा वाकला, तसा मागून आवाज आला.

"थांब रं. समदी हितं टाकू नगंस."

काकांची थोरली बहीण. काठी टेकत ती गर्दीतून पुढं आली, मागोमाग धाकटी. मुलगा गाडगं धरून तसाच उभा राहिला. कुणीतरी पुटपुटलं, बायका इथं कशाला पुढं येतात. तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माज्या रानात बी मूठभर पायजे त्यो," ती म्हणाली. "आन हिच्या बी."

मुलानं होकारार्थी मान हलवली. म्हातारीनं पदर खोचला, काठीनं उसाची पाती बाजूला सारली आणि आम्हा सगळ्यांना वाट दाखवत म्हणाली, "हिकडनं या. हितनं माजं सुरू हुतंय."